भाईदासचं ग्रहण

१९८० सालच्या फेब्रुवारीतला शनिवार. नंदुरबारच्या बाजूच्या एका लहानशा गावात भरदुपारी सगळी दारं लागली होती. सूर्यग्रहण होतं. माणसं घरात, गुरं गोठ्यात, पाण्याच्या हंड्यांत तुळशीची पानं. इंदुबाई तेव्हा वीस वर्षांची, पहिलटकरीण, चौथा महिना लागलेला. सासूने बजावून ठेवलं होतं, ग्रहण सुटेपर्यंत पाठीवर सरळ पडून राहायचं. काही कापायचं नाही, चिरायचं नाही, दोऱ्याला गाठसुद्धा मारायची नाही.

इंदुबाई पडून राहिली. पण मागच्या गोठ्यात चारच दिवसांपूर्वी व्यालेली म्हैस भुकेने रेकायला लागली. अर्धा तास तिने ऐकून घेतलं. मग सासूचा डोळा लागलेला पाहून उठली, मागच्या दाराने गेली, विळ्याने कडब्याची एक पेंढी तोडून म्हशीपुढे टाकली आणि परत येऊन पडली. कोणी पाहिलं नाही.

आषाढात मुलगा झाला. वरचा ओठ डाव्या नाकपुडीपर्यंत दुभंगलेला. सुइणीने बाळ पुढे धरलं तेव्हा इंदुबाईच्या तोंडून आपणहून सगळं निघालं, म्हैस, कडबा आणि विळा. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण ती बोलली, आणि संध्याकाळपर्यंत गाव बोलायला लागलं.

त्या मुलाचं नाव भाईदास. गावाने ठेवलेलं नाव मात्र वेगळं होतं, गऱ्हान्या, म्हणजे ग्रहणाचा. त्याला अंगावर ओढता येत नव्हतं. इंदुबाई वाटीत दूध काढून कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडायची. त्याला समज आली तेव्हाची त्याची पहिली आठवण अशी की कुठल्यातरी घरातली एक म्हातारी त्याचा हात धरून त्याला आत घेऊन जाते आणि पोट पुढे आलेल्या एका सुनेसमोर उभं करते. "दख," ती म्हणते, "गऱ्हानमा इळा धरा का असं व्हस." सून त्याच्याकडे बघते आणि पदर तोंडाला लावते. म्हातारी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवते. असं तीन-चार घरांत झालं असेल. गूळ मिळायचा, म्हणून तोही जायचा.

वडील चिंधा सुरतेला खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, यंत्रमाग चालवायचे. भाईदास सात वर्षांचा झाला तेव्हा त्यांनी बायको-मुलाला सुरतेच्या नवागाम वस्तीत आणलं. तिथे एका खोलीत आठ माणसं आणि भिंतीपलीकडे चोवीस तास मागांचा खडखडाट. गावात ज्याच्या ओठाकडे सगळे बघत, त्याच्याकडे इथे बघायला कुणाला सवड नव्हती. नवव्या वर्षी एका मोफत शिबिरात त्याचा ओठ शिवला गेला. उशिरा झालेलं काम. व्रण जाड राहिला, ओठ एका बाजूला जरासा ओढलेला. पण प, फ, ब नीट यायला लागले.

पाचवीत महानगरपालिकेच्या मराठी शाळेत त्याला प्रभाकर सर भेटले. विज्ञान शिकवायचे, अकोल्याकडचे, तेव्हा पस्तिशीचे असतील. एक दिवस त्यांनी वर्गात एक जाडजूड पुस्तक फिरवलं. त्यात खग्रास सूर्यग्रहणाचा पानभर फोटो होता. मधे काळी चकती, भोवती पांढरं, रेशमाच्या धाग्यांसारखं पसरलेलं तेज. सर म्हणाले, "याला किरीट म्हणतात. हे सूर्याभोवती रोजच असतं, पण त्याच्या उजेडापुढे दिसत नाही. चंद्राने सूर्य पुरता झाकला की तेवढी दोन-चार मिनिटं दिसतं."

पुस्तक भाईदासपाशी आलं आणि तिथेच राहिलं. मागच्या बाकावरच्या पोराने ओढलं तरी त्याने सोडलं नाही. ज्याने आपला ओठ फाडला असं सगळे सांगत होते ते काहीतरी अक्राळविक्राळ असणार, अशी त्याची समजूत होती. हे तर बघत राहावं असं होतं.

मधल्या सुट्टीत त्याने सरांना विचारलं, "सर, हा फोटो काढणाऱ्याला काही झालं नाही?"

"काय व्हायचंय? चष्मा नीट वापरला असेल तर काही नाही," सर म्हणाले. मग त्यांची नजर त्याच्या ओठाकडे गेली, आणि पोरगा काय विचारतोय ते त्यांना उमगलं. ते खाली वाकून म्हणाले, "भाईदास, ग्रहणाने ओठ फाटत नाही. तू मोठा झालास की मी तुला नीट समजावून सांगेन."

दहावीनंतर चिंधाने त्याला खात्यात लावायचं ठरवलं होतं. भाईदास मात्र पर्वत पाटियाजवळच्या एका गुजराती फोटोग्राफरकडे चिकटला. लग्नात दिवे धरायचे, पिशव्या उचलायच्या, पुढे कॅमेरा. हे काम त्याला आवडण्याचं एक कारण तो कुणाला सांगत नसे. कॅमेऱ्यामागे तोंड झाकलेलं असतं, आणि समोरचा माणूस स्वतःच्याच चेहऱ्याच्या काळजीत असतो. मिशी फुटल्याबरोबर त्याने ती वाढवली. सत्ताविसाव्या वर्षी डिंडोलीत स्वतःचा स्टुडिओ टाकला. शिंदखेड्याची चंचल बायको म्हणून आली. ठेंगणी, चपळ, बाजारातून साड्या आणून त्यांना घरी लेस लावून देणारी. मुलगी बघायला गेला तेव्हा मिशीखालचा व्रण तिला दिसलाच होता. लग्नानंतर तिने एकदाच विचारलं, "दुखतं का?" तो नाही म्हणाला. तेवढ्यावर तिने तो विषय मिटवला.

२००८च्या उन्हाळ्यात प्रभाकर सर स्टुडिओत आले. हातात एक घडी घातलेला कागद. काउंटरवर त्यांनी तो उलगडला. भारताचा नकाशा होता आणि त्यावर समुद्रातून निघून पूर्वेकडे गेलेला एक पट्टा.

"पुढच्या वर्षी बावीस जुलै," सर म्हणाले. "चंद्राची सावली अरबी समुद्रावरून येते आणि जमिनीला कुठे लागते ते बघ."

भाईदासने वाकून पाहिलं. पट्ट्याच्या सुरुवातीलाच सुरत होतं.

"खग्रास?"

"खग्रास. सकाळी सहा एकविसाला. तीन मिनिटं आणि वर काही सेकंद. जगभरातून लोक इथे येतील, भाईदास. तुला जिना चढायचाय फक्त."

त्या दिवसापासून भाईदासने वर्षभर तयारी केली. सरांनी सांगितलं होतं, सहा एकविसाला सूर्य क्षितिजावर जेमतेम तीन अंश आलेला असेल. हात लांब करून दोन बोटं आडवी धरली की तेवढीच उंची. म्हणजे पूर्वेला एखादं झाड, एखादी भिंत आडवी आली की संपलं. २००८च्या जुलैत, बरोबर एक वर्ष आधी, तो रोज पहाटे धाब्यावर, म्हणजे इमारतीच्या गच्चीवर, जाऊन उभा राहायला लागला. सूर्य त्याच जागी उगवणार होता. तीस सकाळींपैकी दोनच दिवस ढग फाटले, पण तेवढ्यात त्याला हवं ते कळलं. शेजारच्या बिल्डिंगवरची काळी पाण्याची टाकी नेमकी त्या जागेवर होती. मग त्याने जिन्याच्या खोलीवरची स्लॅब पाहिली. तिथे चढलं की टाकीवरून वीतभर मोकळं आकाश मिळत होतं. तिथे त्याने तिवईच्या तीन पायांच्या जागा रंगाने आखून ठेवल्या.

लेन्सचं गणित सरांनी घातलं. तीनशेची लेन्स लावली तर कॅमेऱ्याच्या आत सूर्य पावणेतीन मिलिमीटरचा पडणार, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्या दाण्याभोवतीचं तेज एका फोटोत मावत नाही. आतला भाग लखलखीत असतो, बाहेरचा फिका. म्हणून सेकंदाच्या हजाराव्या भागापासून पुऱ्या सेकंदापर्यंत वेगवेगळ्या वेळा देऊन फोटो काढायचे. खंडग्रास असेपर्यंत लेन्सवर काळी फिल्म. सूर्य पुरता झाकला की ती काढायची, उजेड परतायच्या आत पुन्हा लावायची. विसरलं तर कॅमेरा जाईल, डोळाही जाईल. भाईदासने कुठल्या सेकंदाला काय, ते सगळं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि डोळे मिटून बोटांनी बटणं फिरवायची सवय केली. लग्नाच्या मांडवातही मधूनच त्याचे ओठ हलायचे. चंचल विचारायची, "कोणता सेकंद चालू शे?"

मार्चमध्ये तिला दिवस गेले.

हिशेब घरात सगळ्यांनी केला, पण बोलून कुणी दाखवला नाही. ग्रहण येईल तेव्हा पाचवा महिना सुरू असेल. चिंधा आता नव्हते. घरात थोरली म्हणजे इंदुबाईच.  ती खोलीच्या खिडकीच्या फटी मोजून आली, आणि आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून ठेवायला लागली.

भाईदासने प्रभाकर सरांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर सरांनी हळूच विषय काढला. लहानपणी दिलेला शब्द त्यांच्या लक्षात होता.

"इंदुताई, भाईदास आषाढात जन्मला. म्हणजे फेब्रुवारीत तुम्हाला चौथा महिना होता. बरोबर?"

इंदुबाईने मान हलवली.

"बाळाचा ओठ दुसरा महिना संपायच्या आत जुळतो. जुळायचा तर तेव्हाच, नाहीतर नाही. तुम्ही विळा हातात घेतलात त्याच्या महिनाभर आधीच ते होऊन गेलेलं होतं. ग्रहण झालंच नसतं तरी हा असाच जन्मला असता."

इंदुबाईने सगळं ऐकून घेतलं. सरांचा ती मान ठेवायची. पदराने तोंड पुसून म्हणाली, "सर, तुम्ही सांगतस ते खरं व्हई. पन इळा मना हातमा व्हता."

 भाईदासला मात्र त्या रात्री आईचा राग आला. एवढा सरळ हिशेब. तो तिला का पटू नये? आपल्याला दोष नको म्हणून माणसं काय काय सांगतात, आणि ही कवटाळून बसली आहे. त्याने चंचलला सांगितलं, "तुला वर यायचं असलं तर ये. मी बघून घेईन." चंचलने लेसची सुई थांबवली. "आत्यांना जन्मभर तुमच्या तोंडाकडे बघावं लागलं," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "तीन मिनिटांसाठी मी त्यांना आणखी नाही भिववणार."

बावीस जुलैला दिव्याची आवस होती. पहाटे चारला उठून भाईदास स्लॅबवर चढला. सर आधीच येऊन बसले होते, गुडघ्यावर छत्री घेऊन. आकाश काळं होतं आणि तसंच राहिलं. पाचला बारीक पाऊस आला. त्याने कॅमेऱ्यावर प्लॅस्टिक ओढलं. साडेपाचला थांबला. आसपासच्या धाब्यांवर माणसं दिसायला लागली. खाली चंचल पट्ट्या कोंबलेल्या खोलीत पाठीवर पडली होती आणि उंबऱ्यात इंदुबाई जपमाळ घेऊन बसली होती.

सहाला उजाडलं, राखाडी. टाकीवरच्या त्या वीतभर जागेत ढगाची एकच सपाट भिंत होती. भाईदासची नजर तिथून हलेना. सहा पंधरा. सहा अठरा. सर म्हणाले, "काही वेळा शेवटच्या मिनिटाला फाटतं." दोघांनाही ते खरं वाटत नव्हतं.

अंधार समोरून आला नाही. तो पाठीमागून, समुद्राच्या बाजूने आला. आधी मानेला गारवा लागला. भाईदासने वळून पाहिलं तर पश्चिमेचं आकाश शाईसारखं होऊन डोक्यावरून पुढे सरकत होतं. बघता बघता ते पूर्वेला पोचलं. कावळे एकदम गप्प झाले. सोसायटीच्या फाटकावरचा दिवा आपोआप लागला. समोरच्या धाब्यावरच्या माणसांच्या फक्त आकृत्या उरल्या. क्षितिजाच्या कडेला मात्र, जिथे सावली पोचली नव्हती तिथे, चहूबाजूंनी तांबूस उजेडाची एक बारीक पट्टी होती, जणू सगळ्या दिशांना एकाच वेळी संध्याकाळ झाली होती. खात्यांतले माग तेवढे चालूच होते.

भाईदासने फिल्म काढली. कशासाठी, ते त्याला सांगता आलं नसतं. ढगाच्या भिंतीकडे रोखलेल्या लेन्सने पुठ्ठ्यावर लिहिल्याप्रमाणे तो एकामागून एक फोटो काढत गेला. हजारावा भाग, पाचशेवा, अडीचशेवा, पुरा सेकंद. हात थांबवले असते तर काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. सर शेजारी उभे राहून मोठ्याने सेकंद मोजत होते. मधेच त्यांनी मोजणं सोडलं.

मग पश्चिमेकडूनच उजेड आला. कुठल्यातरी धाब्यावर पोरांनी शिट्ट्या मारल्या. भाईदासने काळी फिल्म परत लावली, वेळेवर, आणि स्लॅबवर बसला.

"ढगाच्या वर ते होतंच," सर म्हणाले.

"हो सर."

सत्तावीस फोटो निघाले होते. काही पार काळे, काही निळसर करडे, आणि एका सेकंदाच्या फोटोत खालच्या कडेला टाकीची काळी कमान. त्याने ते पुसले नाहीत, पण कुणाला दाखवलेही नाहीत.

नोव्हेंबरच्या शेवटी चंचलला मुलगी झाली. सोनोग्राफीत बाळ तोंड फिरवून होतं, चेहरा नीट दिसला नाही असं सांगितलं गेलं होतं. दवाखान्याच्या बाकावर इंदुबाई आणि भाईदास बसले होते. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणून इंदुबाईच्या मांडीवर ठेवलं. इंदुबाईने दुपट्याची घडी सारली. वरचा ओठ, डावी बाजू, थेट नाकपुडीपर्यंत.

 आपलाच जन्म आपण बघतोय असं भाईदासला वाटलं.

इंदुबाई बाळ घेऊन चंचलच्या खाटेपाशी गेली.  मग तिने विचारलं, "तू कायी काप्यं व्हतं का?"

चंचल थकलेली होती. तरी कोपरावर उठली. "नही आत्या. कायीच नही," ती म्हणाली. "तुम्ही दारमाच व्हत्यात ना. मी कूससुद्धा बदलली नाही. वेणीची गाठ नको म्हणून केस मोकळे सोडले. लघवीला लागली होती तीसुद्धा दाबून धरली. आणखी काय करायला हवं होतं ते सांगा." आणि मग ती रडायला लागली.

इंदुबाई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली, बाळ मांडीवर घेऊन. दारात ती खरंच होती. पहाटेपासून ग्रहण सुटेपर्यंत तिने उंबरा सोडला नव्हता. तिच्याइतकी खात्रीची साक्ष दुसऱ्या कुणाची नव्हती.

 पुढचे आठ-दहा दिवस बाळाचं सगळं काम तीच करत होती. वाटीत दूध, कापसाचा बोळा, बाळाचं डोकं जरा उंच. ते तिला कुणी शिकवावं लागलं नाही. एका दुपारी भाईदास जेवायला घरी आला तेव्हा ती बाळाला दूध पाजत होती. वर न बघता म्हणाली, "भाऊ, चंचलनी कायी करं नही, तरी असं व्हयनं."

"हो."

"मंग मीबी कायी करेल नही."

 पुस्तकातल्या हिशेबाने, सरांच्या शब्दाने, एकोणतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते त्या सव्वादोन किलोच्या पोरीने केलं होतं. आईच्या तोंडावरचं काहीतरी सैल झालेलं त्याला दिसत होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या मनात आलं, यासाठी माझ्या मुलीला हे सोसावं लागलं. आणि त्याच्याही खाली दुसरं होतं. डॉक्टरांनी त्याचा ओठ पाहून सहज विचारलं होतं, "तुमचाही असाच होता का? मग घराण्यातून आलं असेल." सहज विचारलेलं ते वाक्य त्याला रोज झोपू देत नव्हतं. सगळा आळ आता त्याच्यावर येऊन बसला होता, आणि या वेळी विज्ञानही त्याच बाजूला होतं.

ते तो कसाबसा आईला बोलून गेला. "माझ्यामुळे झालं, माय. माझ्याकडून गेलं तिला."

इंदुबाईने वाटी खाली ठेवली. "एकोणतीस वरीस मी वझं वाह्यं," ती म्हणाली. "त्यानी काय मियनं? तुना ओठ शिवाई गया, मी तशीच राहिनू. आते तू नको उचलू."

बाळ चार महिन्यांचं झालं तेव्हा शस्त्रक्रिया झाली. हात चांगला होता, वय योग्य होतं. आज गायत्रीच्या ओठावर एक बारीक पांढरी रेघ आहे, ती उन्हात दिसते, एरवी नाही. ती अकरावीत आहे, मैत्रिणींशी गुजरातीत, आजीशी अहिराणीत आणि बापाशी दोन्हीच्या मिश्रणात अखंड बोलते. कुणी रेघेबद्दल विचारलं तर सांगून टाकते, जन्मतः ओठ फाटला होता, शिवला. एवढं सोपं वाक्य भाईदासला चाळीस वर्षांत जमलं नव्हतं.

२०१९च्या डिसेंबरात सकाळी खंडग्रास ग्रहण होतं, थंडीतलं, लख्ख आकाशातलं. त्या दिवशी इंदुबाई पहिल्यांदा धाब्यावर आली. काळ्या फिल्मचा चष्मा तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला, आणि कुरतडलेला सूर्य पुष्कळ वेळ बघितला. उतरून आली ती सरळ घरी गेली नाही. तळमजल्यावर एक नवी आलेली सातव्या महिन्यातली सून दार लावून बसली होती. इंदुबाईने दार वाजवलं, तिला पाण्याचा तांब्या दिला, आणि ग्रहण सुटेपर्यंत तिच्याशी बोलत बसली. काय बोलली ते तिने वर येऊन सांगितलं नाही. पण त्या सुनेने पुढे चंचलला सांगितलं की आजींनी म्हशीची गोष्ट सांगितली, सगळी.

किरीट भाईदासने अजून पाहिलेला नाही. खंडग्रासाचे फोटो त्याच्याकडे पुष्कळ जमले, पण झाकलेल्या सूर्याभोवतीचं ते पांढरं तेज त्याने पाचवीतल्या पुस्तकात पाहिलं तेवढंच. मधली खग्रास ग्रहणं दूरदेशांत झाली, त्याच्या आवाक्याबाहेर. प्रभाकर सर आता सत्तरी ओलांडलेले, गुडघ्यांनी दमलेले. गेल्या दिवाळीत ते फराळाला आले तेव्हा पुन्हा एक कागद घेऊन आले.

"दोन ऑगस्ट २०२७. इजिप्त, लक्सर गाव," ते म्हणाले. "सहा मिनिटांहून जास्त. भर दुपार, सूर्य डोक्यावर, खाली वाळवंट. ढगाचं नाव नाही. मला आता झेपणार नाही, पण तू जा."

भाईदासने कागद स्टुडिओच्या भिंतीला लावला. हळूहळू तयारीला लागला. आपण आणि गायत्री, असं त्याच्या मनात पक्कं होतं. गायत्रीला त्याने पौर्णिमेच्या चंद्रावर फोकस करायला शिकवलं, कारण चंद्रही आकाशात सूर्याएवढाच दिसतो. पण पोरगी दोन-तीनदा धाब्यावर आली आणि मग मोबाइल बघत उतरून गेली. "पप्पा, मला बघायला आवडेल," ती म्हणाली, "पण तेव्हा माझं कॉलेज नुकतंच सुरू झालेलं असेल. मी पुढच्याला येईन ना."

"पुढचं कधी आहे माहीत आहे का?"

"असेल ना कधीतरी. चालशे."

भाईदास हिरमुसला. त्या संध्याकाळी तो एकटाच कागदासमोर बसून एकट्याने सगळं कसं जमवायचं त्याचा विचार करत होता. चंचल लेस लावलेल्या साड्यांचा गठ्ठा बांधत होती. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "या बारीले मी येसु."

त्याने मान वर केली.

"मागच्या वेळी ते माझ्या डोक्यावरून गेलं," चंचल म्हणाली. "सगळी सुरत अंधारात उभी होती. मी छताकडे बघत पडले होते. मला अंधारसुद्धा दिसला नाही, खोलीत आधीच अंधार होता. तुम्ही कधी विचारलंत का, मला बघायचं होतं का ते?"

त्याने विचारलं नव्हतं. सोळा वर्षांत एकदाही नाही. आईचं ओझं, मुलीचा ओठ, आपला न निघालेला फोटो, सगळ्याचा त्याने विचार केला होता. आणि आपणहून त्या खोलीत जाऊन पडलेल्या या बाईला काय हुकलं, ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"होतं?" त्याने विचारलं.

"मग?" चंचल म्हणाली. "तुम्ही वर्षभर सेकंद मोजत होतात. ते ऐकून ऐकून मला पाठ झाले होते."

त्याला खरं वाटेना. चंचलने गठ्ठा बाजूला सारला, आणि हजाराव्या भागापासून पुऱ्या सेकंदापर्यंत सगळं ओळीने म्हणून दाखवलं. मधे एक ठिकाण चुकलं. तेही तिनेच दुरुस्त केलं.

आता रविवारी सकाळी दोघं धाब्यावर जातात. फिल्म काढणं आणि लावणं चंचलकडे आहे. सुईत दोरा ओवणारी तिची बोटं ते काम त्याच्या निम्म्या वेळात करतात. सहा मिनिटांतली पहिली दोन कॅमेऱ्याची, असं त्यांनी ठरवलंय. पुढे काय करायचं यावर अजून एकमत नाही. भाईदास म्हणतो, शेवटचं अर्धं मिनिट सोडून सगळा वेळ फोटो काढू. चंचल म्हणते, दोन मिनिटांत जे निघतील ते निघतील, बाकी चार मिनिटं ती कॅमेऱ्याला हात लावणार नाही आणि त्यालाही लावू देणार नाही. तिकडे दुपारचा एक वाजला असेल तेव्हा इथे साडेतीन, हे इंदुबाईने गायत्रीकडून समजून घेतलं आहे. त्यानंतर तासाभराने सुरतेवरही ग्रहण लागेल, अर्धंमुर्धं, बहुधा ढगांतच. घरातल्या सगळ्या दिव्यांना त्या दिवशी तेल घालायचं तिने आपल्याकडे घेतलंय, कारण तीही दिव्याची आवसच आहे.

पासपोर्टच्या अर्जासाठी भाईदासने चंचलचा फोटो काढला. मग तिने त्याला स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा खाली करायला लावली, आणि म्हणाली, "मिशी ओठावरून जरा बाजूला घ्या. चेहरा पुरता दिसायला पाहिजे म्हणतात."

त्याने घेतली.